मालनाक्का आणि पांढरा अंगारा

मालनाक्काच्या दारात कुणी बी गेलं की ती आधी जुना पेपर अंथरायची. बसायला न्हवं. येणाऱ्यानं आपल्या घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, बाटल्या त्या पेपरावर वतायच्या. "आधी पिशवी उलटी कर, मग तोंड उघड," असं म्हणायची. ताप असू दे, खोकला असू दे, तिचा नेम चुकायचा न्हाय. एकदा मी पोटदुखी घेऊन गेलतो. पिशवी उलटी केली, तर त्यातनं चार गोळ्या, एक तंबाखूची पुडी आणि मोडका कंगवा पडला. तिनं चष्मा नाकावर सरकवला, एक गोळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "बाळू, ही जनावराची हाय." शेजाऱ्याच्या म्हशीला आणलेली गोळी मी दोन दिवस मोडून मोडून खाल्लती. मी म्हणलं, "तरीच आक्का, दोन दिवस झालं मला वैरण बरी दिसालीया." ती हसली न्हाय. गोळ्यांच्या बाबतीत ती कधीच हसायची न्हाय. त्येचं कारण मला लई उशिरा कळलं, आणि कळलं तवा माझं बी हसणं गेलतं.

मालनाक्का म्हंजे आमच्या बेळगावच्या खासबागेतल्या गल्लीतली रिटायर नर्स. जल्म निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, बा हमाल. त्यातनं शिकून ती कॅम्पातल्या एका दवाखान्यात लागली आणि केस पांढरं होईस्तवर तिथंच राबली. घरात भिताडावर निळ्या कोटातला फोटो, त्येच्या खाली बुद्धाची पितळी मूर्ती, आणि त्येच्या खाली बीपीचं यंत्र. आमची आई जुन्या वळणाची. मालनाक्काच्या घरचं पाणी प्यायची न्हाय, पर इंजेक्शन मातर तिच्याच हातचं घ्यायची. मालनाक्काला हे ठावं हुतं. सुई टोचून झाली की म्हणायची, "काकू, गेलं बगा आत माझ्या हातचं. आता भाईर काढता यायचं न्हाय." आई तोंड फिरवून दंड चोळत बसायची. मी हसायचो. आता सांगताना लाज वाटती, कारण मी नुसताच हसायचो. आईला कधी एका शब्दानं बोललो न्हाय.

माझं म्हणाल तर मी मागावर कामाला. शाळेत गेलतो, पर शाळेनं मला ठेवून घेतलं न्हाय. आमच्या भागात पाट्या कानडीत पाहिजेत का मराठीत, ह्यावरनं माणसांनी डोकी फोडून घेतली. मला दोन्ही पाट्या सारख्याच. कुठली बी वाचता येत न्हाय. गल्लीत मला ईनोदी म्हणत्यात. बारशाला, लग्नाला, मयताला सुदीक मला फुडं बसवत्यात. भ्या वाटलं की मी जादा बोलतो, हे मातर कुणाला ठावं न्हाय. ते फकस्त मालनाक्काला कळायचं. "आज लई बडबडालैस. काय झालंय?" असं इच्यारायची.

माझी बायको सुमन. माहेर निपाणीजवळचं, धाव्वी शिकलेली, म्हंजे आमच्या घरातली कलेक्टरच. लग्नाला दोन वर्सं झाली आणि तिला संधिवात लागला. सकाळी उठली की दोन्ही हातांची बोटं मिटलेली. उघडायला तास लागायचा. मनगटं सुजायची, गुडघ्यावर हात ठेवला की तव्यागत गरम. वय सव्वीस, आणि जिना म्हाताऱ्या बाईगत एक एक पाय टेकवून उतरायची. मालनाक्कानंच तिला सांध्याच्या डाक्टरीणबाईंकडं नेलं. दोन गोळ्या चालू झाल्या. एक रोजची आणि एक आठवड्यातनं एकदाच घ्यायची. सुमनला वाचता येत हुतं, पर गोळ्या आणायला मी जायचो. म्हणून मालनाक्कानं आठवड्याच्या गोळीच्या पट्टीला माझ्याच मागावरचा तांबडा दोरा बांधला. "तांबडा दोरा दिसला की थांबायचं, बाळू. ही रोज दिलीस तर बायकू जाईल तुझी." मी म्हणलं, "माहेरी का?" तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

लग्नाला आठ वर्सं झाली तवा आम्हाला लेकरू पाहिजे असं वाटायला लागलं. म्हंजे वाटत आधीपासनं हुतंच, पर दुखण्याच्या भ्यानं कुणी बोलत नव्हतं. मालनाक्काला कळल्यावर ती सुमनला घेऊन पेपरावर बसली. "ही तांबड्या दोऱ्याची अंगात असताना पोर राहाता कामा नये. पोराला वाईट. आधी डाक्टरीणबाईंस्नी सांगायचं. त्या बंद करतील, त्या म्हणतील तितकं म्हयनं दम धरायचा, आणि मग. रोजची गोळी मातर चालू राहाती. ती पोटुशीपणात बी चालती, त्यांनी कवाच सांगून ठेवलंय." आम्ही तसंच केलं. डाक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं थांबलो. मी गल्लीत सांगत फिरायचो, "माझ्या घरात पाळणा लांबवायला सरकार लागलं न्हाय, मालनाक्का एकटी पुरी झाली." आणि खरंच, दिवस गेले. सुमन मोरीत उलट्या करत हुती आणि मी भाईर उभा राहून हसत हुतो, इतका येडा झालतो.

नेमकी तवाच मालनाक्का हुबळीला लेकाकडं गेली. सून बाळंत होणार हुती, तीन-चार म्हयनं लागणार हुते. जाताना एस्टीच्या खिडकीतनं मला म्हणाली, "बाळू, ध्यान दे. गोळी बंद करणं ही बी एक दवाच हाय. ती बी इच्यारूनच घ्यायची. मनानं काय बी बंद करायचं न्हाय, मनानं काय बी चालू करायचं न्हाय. मला फोन कर." मी व्हय व्हय म्हणलं. मी सगळ्यालाच व्हय म्हणतो.

ती गेली आणि घरात बायकांची सभा भरली. आई म्हणाली, "पोटुशी बाई गोळ्या खाती व्हय? लेकरू वाकडं निपजंल." सुमन आधीच भ्यालेली. आठ वर्सांनी पोटात आलेलं. तिनं रोजच्या गोळीची पट्टी उचलून पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा माळ्यावर. मला इच्यारलं, "बरं केलं न्हवं मी?" मी म्हणलं, "लई बरं केलंस." मला काय कळत हुतं? पर मी बी भ्यालोतो, आणि गोळी दिसली न्हाय की भ्या बी दिसत नव्हतं. मालनाक्काला फोन करायला पाहिजे हुता. शिव्या देईल म्हणून केला न्हाय. डाक्टरीणबाईंच्याकडं जायची तारीख बी त्याच भ्यानं चुकवली. एवढंच कारण. लोक मोठमोठ्या कारणानं चुकत्यात, मी शिव्यांच्या भ्यानं चुकलो.

दीड म्हयन्यात दुखणं परत आलं, ते पयल्यापरास डबल. सुमनला ब्लाउजचा हुक लावता येईना, भाकरीचा घास मोडता येईना. मी तिची येणी घालायचो. मागावर तुटलेला धागा डोळं मिटून जोडणारा मी, पर त्या तीन पेडांचा मला कधी मेळ लागला न्हाय. शेवटाला येणी मागं न राहता कानावर यायची. ती आरशात बघून हसायची आणि हसता हसता रडायची. "मी काय बी खाणार न्हाय," म्हणायची. "माझं लेकरू हाय पोटात. दुखू दे." रोज रात्री ती कण्हायची. मागावर उभा राहिलो तरी तेच ऐकू यायचं.

आईनं मला डोंगरावरच्या देवाचा अंगारा आणायला लावलं. गेलो. अंगारा घेतला. येताना वाटेत आठवड्याचा बाजार भरलेला. तिथं एक माणूस चादर पसरून बसलेला, फुडं बरण्या, मागं मुळ्या टांगलेल्या. वरडत हुता, "सांधा, कंबर, गुडघा! तीन दिवसांत गुण! निव्वळ झाडपाला!" मी इच्यारलं, "पोटुशी बाईला चालतंय?" तो म्हणाला, "अवो, पोटातल्या लेकराला सुदीक ताकद येती." मी त्येच्या तोंडाकडं बघितलं. माझ्यागतच बोलत हुता, ईनोदी, भरवशाचा. आता मला कळतंय, माझ्यागत बोलणाऱ्या माणसावर मी कधीच इश्वास ठेवायला नको हुता.

पांढरी पूड हुती. सुमन घेणार न्हाय हे मला ठावं हुतं. मग ह्या डोस्क्यात एक दिवा पेटला. पुजाऱ्यानं दिलेली अंगाऱ्याची पुडी मी उघडली, त्यात ती पूड कालवली, आणि होती तशी घडी घातली. घरी येऊन म्हणलं, "देवाचा अंगारा. सकाळ-संध्याकाळ मधातनं घ्यायचा, पुजाऱ्यानं सांगितलंय." सुमननं हात जोडून घेतला. देवाला जोडलेले हात हुते ते, मला न्हवं.

तिसऱ्या दिवशी तिनं आपली येणी आपण घातली. आईनं निरांजन लावलं. गल्लीतल्या बाया अंगारा मागायला दारात. त्यांस्नी मी मोरीतल्या चुलीची राख पुडीत बांधून दिली. एका काकूची कंबरदुखी त्या राखेनं थांबली. मी मनात म्हणलं, बाळू, तू मागावर उगंच हात काळं केलास, तू बुवा व्हायला पाहिजे हुतास. दर बाजारी जाऊन मी नवी पूड आणायचो. दोन म्हयनं हे चाललं. सुमन घरभर फिरायची. तिचं तोंड गोल झालं, गाल वर आलं. आई म्हणायची, "पोटातलं लेकरू गुणाचं हाय, आईला बाळसं आलंय."

मालनाक्का परत आली ती दुपारची. पिशव्या घरात टाकल्या आणि आधी सुमनला बघायला आली. सुमन सहाव्यातनं सातव्यात निघालेली. हसत फुडं आली. मालनाक्कानं तिचं तोंड दोन्ही हातात धरून उजेडाकडं फिरवलं. मग खाली बसून नडगीवर अंगठा दाबला. उचलला तर तिथं खळगा तसाच राहिला.

"गोळी घेतीस न्हवं रोजची?"

सुमन आईकडं बघायला लागली. आई म्हणाली, "कशाला गोळी? देवाचा अंगारा लागू पडलाय."

"अंगाऱ्यानं तोंड भाकरीगत गोल हुतंय व्हय?" मालनाक्का म्हणाली. "दाव बघू."

मी देव्हाऱ्यातनं पुडी आणली. आणताना बडबड चालू केली. "आक्का, तुला बी देतो की चिमूटभर, हुबळीच्या गाडीत कंबर धरली असंल." तिनं पुडी उघडली, बोटावर घेऊन चोळली. राख बोटाला चिकटली आणि पांढरे कण तसेच राहिले. तिनं ते उन्हात धरून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. सगळ्यांच्या फुडं एवढंच म्हणाली, "बाळू, माझी पिशवी जड हाय, जरा चल उचलायला."

तिच्या घरात गेल्या गेल्या पेपर न अंथरता तिनं दार लावलं. "काय हाय हे?"

मी सांगितलं. बाजार, बरण्या, पूड, सगळं. सांगताना हसायचा प्रयत्न केला. ती खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर भ्या हुतं. त्या बाईला मी भ्यालेली कधी बघितली नव्हती.

"असल्या पुडीत बाजारातली माणसं वाटून काय घालत्यात ठावं हाय तुला? दुखणं मारायची गोळी आणि स्टिरॉइड. म्हणून तीन दिवसांत गुण. दुखणं मारायची ती गोळी पाच म्हयन्यांच्या फुडं पोटुशीला द्यायची नसती, बाळू. लेकराभवतीचं पाणी आटतं. लेकराच्या काळजाला, मूत्रपिंडाला धोका."

मी उठलो. "फेकून देतो. आत्ता गटारीत फेकतो सगळी, आक्का. आजपासनं बंद." तिनं माझं मनगट असं धरलं की अजून आठवतंय.

"फेकलीस तर बघ! दोन म्हयनं तिच्या अंगाला स्टिरॉइडची सवय लागलीया. एका दमात तोडलंस तर ती कोसळंल. बीपी पडंल, उठायची न्हाय. बंद काय करायचं आणि हळूहळू काय सोडायचं, हे डाक्टर ठरवणार. तू न्हाय, मी बी न्हाय. पुडी खिशात घाल. रिक्षा आण."

मी आयुष्यात पयल्यांदा अशा जाग्यावर उभा हुतो की द्यावं तरी मरण, थांबवावं तरी मरण. आणि ते मीच मधात घालून चाटवलेलं.

डाक्टरीणबाईंच्या फुडं तिघं बसलो. त्यांनी सुमनला इच्यारलं, "काय काय घेता सध्या?" सुमन म्हणाली, "काय न्हाय बाई. सगळं बंद केलंय. नुसता देवाचा अंगारा." किती अभिमानानं सांगितलं तिनं. मी खाली फरशीकडं बघत हुतो. मालनाक्कानं मला कोपरानं ढोसलं. "बोल की. गल्लीत तर तुझं तोंड मिटत न्हाय."

मी बोललो. एकच वाक्य बोलायला मला किती येळ लागला देव जाणे. "अंगारा न्हाय तो. बाजारातली पूड हाय. मी कालवली." पुडी टेबलावर ठेवली.

सुमननं माझ्याकडं बघितलं. डाक्टरीणबाईंकडं वळून फकस्त एवढंच म्हणाली, "आणि माझं बाळ?"

सोनोग्राफी झाली. बाळंतपणाच्या डाक्टर त्या पडद्याकडं लई येळ बघत राहिल्या. मालनाक्का त्यांच्यासंगं कानडीत बोलायला लागली. आम्हाला कळू नये म्हणून. बेळगावात कानडीतनं गुपित बोलणारी ती एकटीच असंल. "नीरु कडिमि आग्याव," डाक्टर म्हणाल्या. पाणी कमी झालंय. मला कळलं, सुमनला बी कळलं. त्या खोलीत मी भिताडाला टेकलो आणि माझ्या तोंडाला एकसुद्धा ईनोद आला न्हाय.

दोघी डाक्टरांनी मिळून सांगितलं, पुडी आजपासनं बंद. तिच्याऐवजी स्टिरॉइडची मोजून गोळी, ती त्या सांगतील तशी हळूहळू उतरवायची. रोजची जुनी गोळी परत चालू. ती थांबवायचं कारणच नव्हतं म्हणाल्या. अगदीच दुखलं तर तापाची साधी गोळी, ती बी त्यांनी सांगितली तेवढीच. साखर वाढलेली, बीपी चढलेलं. लेकराची हालचाल मोजायची, कमी वाटली तर तसंच निघून यायचं. पाच दिवसांनी परत बघू. "पाणी परत भरंल का?" मी इच्यारलं. त्या म्हणाल्या, "पुष्कळदा भरतं. बघू."

त्या 'बघू'वर आम्ही पाच दिवस काढले.

मालनाक्का रोज सकाळी यायची. बीपी बघायची, गोळी काढून सुमनच्या हातावर ठेवायची. एका वाटीत चिंचोके आणून दिले. जेवण झालं की सुमन डाव्या कुशीवर पडायची, आणि लेकरू हललं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. टक् असा आवाज यायचा. मी दाराआड बसून तो आवाज ऐकायचो. दोन आवाजांच्या मधी जरा जास्त येळ गेला की मी उठून उभा राहायचो. एकदा बराच येळ काय आवाज आला न्हाय. मी धावत आत गेलो, तर चिंचोका तिच्या सुजलेल्या बोटातनं निसटून हातरुणात पडलेला. सुमननं मला बघितलं आणि तोंड भिताडाकडं केलं. दवाखान्यातनं आल्यावर तिनं मला एकच वाक्य सांगितलं हुतं, "तुमच्या हातचं मी काय बी तोंडात घालणार न्हाय." आणि पाणी सुदीक ती आपलं आपण उठून घ्यायची.

मी मालनाक्काला म्हणलं, "आक्का, तू तिला समजाव की. तुझं ऐकंल ती. मी तिचं दुखणं बघवंना म्हणूनच केलं की."

ती म्हणाली, "कडू हाय म्हणून मधात कालवायचं, हीच खोड हाय तुझी. हे तू कडूच गिळ."

तिसऱ्या दिवशी आई सकाळपासनं दिसंना. शोधत गेलो तर मालनाक्काच्या सोप्यात बसलेली. हातात चहाचा कप. कप बशीवर खडखडत हुता. "मीच म्हणलं ना तिला गोळ्या टाक," आई पुटपुटत हुती. "मीच म्हणलं." मालनाक्का म्हणाली, "प्या काकू, गार होतोय." आई प्याली. त्या दिवशी मला हसू आलं न्हाय, आणि मालनाक्का बी सुईच्या येळेसारखं काय बोलली न्हाय. आई गेल्यावर तिनं कप इसळून ठेवला आणि मला म्हणाली, "बस जरा."

मग तिनं तिच्या आईचं सांगितलं. वखारीत दिवसभर उकिडवं बसून तंबाखू निवडायची, गुडघं धरायचं. पानपट्टीवर दुखण्याची सुट्टी गोळी मिळायची. सकाळी एक, दुपारी एक, उपाशीपोटी. वर्सानुवर्सं. "मी तवा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला हुते. वार्डात पेशंटच्या गोळ्या तोंडपाठ म्हणून दाखवायचे. सुट्टीला घरी गेले की आईला काय खाल्लंस इच्यारायचे, कुठली गोळी घेतीस हे कधी इच्यारलं न्हाय. एक दिवस रक्ताची उलटी झाली. पोटात आतनं फुटलं हुतं. निपाणीतनं बेळगावला आणेस्तवर गेली." ती कपडा घेऊन बीपीचं यंत्र पुसायला लागली. "तू अडाणी म्हणून चुकलास, बाळू. मी शिकलेली हुते."

मी तिच्या हातातला पुसायचा कपडा घेतला आणि बीपीचं यंत्र पुसत बसलो. ते आधीच चकचकीत हुतं.

पाचव्या दिवशी परत त्याच खोलीत. मी आत गेलो न्हाय, मला जमंना. भाईरच्या बाकावर बसलो. शेजारी कॅम्पातल्या कुणा जवानाची बायको लेकराला घेऊन बसलेली. ते लेकरू माझ्या मिशीला हात लावत हुतं आणि मी दाराकडं बघत हुतो. दार उघडलं. मालनाक्का भाईर आली, आणि ह्या येळी मराठीत म्हणाली, "भरालंय. पुरतं न्हाय अजून, पर वर चढलंय." मी बाकावरनं खाली बसलो. फरशीवर. त्या बाईनं मला पाणी दिलं.

त्यानंतर बी भ्या गेलं न्हाय. दर खेपेला सोनोग्राफी, दर खेपेला तेच बाक. साखर, बीपी, स्टिरॉइडची गोळी पाव पाव करत उतरवणं. सुमनला सांधे दुखायचे, पर तग धरण्याइतकं. मालनाक्का तिला म्हणायची, "दुखणं सोसणं म्हंजे काय पुण्य न्हाय गं. दुखलं की सांगायचं. सांगितलं तर लेकराला काय हुत न्हाय, लपवलं तर हुतं." दिवस पुरं व्हायच्या जरा आधीच पोरगी झाली. थोडी बारकी. चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली. त्या काचेवर कपाळ टेकून मी तिची बोटं बघत हुतो. एक एक मिटत हुतं, एक एक उघडत हुतं. सिस्टर म्हणाली, "काळीज, मूत्रपिंड सगळं तपासलंय, चांगलं हाय." मी तिला तीनदा इच्यारलं. चौथ्यांदा इच्यारायच्या आत मालनाक्कानं माझी कॉलर धरून भाईर काढलं.

बाळंतपणानंतर दुखणं परत उसळणार हे डाक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलंतं. अंगावर दूध पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. मालनाक्का रोज सकाळी यायची, गोळी सुमनच्या हातावर ठेवायची, पोरीच्या टाळूवर हात ठेवायची आणि जायची. सुमन आता माझ्यासंगं बोलायची. हसायची बी. माझ्या हातचा चहा घ्यायला लागली. पर गोळी न्हाय. मी कधी पट्टी घेऊन फुडं गेलो तर म्हणायची, "राहू दे. आक्का येईल आता." वर्सभर हे असंच चाललं.

पोरगी भिंत धरून चालायला लागली तवा मालनाक्का गेली. सकाळी छातीत दुखलं, स्वतःच रिक्षा बोलावली, कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते रिक्षावाल्याला स्वतः सांगितलं, आणि दुपारपातुर संपलं. हुबळीहून लेक आला. भंतेजी आले. पांढऱ्या कपड्यातली माणसं ओळीनं बसली, आणि त्यात आमची आई. लोक मला नेहमीसारखं फुडं बोलवायला लागले, दोन शब्द बोल म्हणून. मी उभा राहिलो. ईनोदी माणूस म्हणून गल्लीनं बोलावलं हुतं. मला दोन शब्द बी जुळंनात. खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन हातरुणातच बसून हुती. बोटं मिटलेली, मनगटं सुजलेली. पोरगी तिच्या मांडीवर चढायचा प्रयत्न करत हुती आणि तिला उचलता येत नव्हतं. दाराकडं दोनदा बघितलं तिनं. कुणी येणार नव्हतं.

मी फळीवरनं गोळ्या काढल्या. एक गोळी काढून द्यायला गेलो आणि थांबलो. मग सगळीच्या सगळी पट्टी, डाक्टरांच्या कागदासकट, तिच्या फुडं धरली. म्हणलं, "मला वाचता येत न्हाय. तू वाच."

तिनं पट्टी घेतली. बोटं वळत नव्हती, म्हणून मांडीवर ठेवून वाचली. नाव वाचलं, कागदावरचं नाव वाचलं, पुन्हा पट्टीवरचं वाचलं. मागं फिरवून तारीख वाचली. मला इच्यारलं, "किती?" मी म्हणलं, "एक. खाऊन झाल्यावर." "खाल्लंय मी?" "न्हाय अजून." मी भाकरी आणली, दुधात कुस्करून दिली. ती खाऊन झाल्यावर तिनं तळवा फुडं केला.

मी गोळी ठेवली. तिनं ती परत एकदा उजेडात बघितली आणि मग गिळली. लोकांस्नी वाटंल मला वाईट वाटलं असंल, इतकं पारखून घेतली म्हणून. खरं सांगतो, तिनं न बघता घेतली असती तर मी त्या दिवशी जिवंत राहिलो नसतो भ्यानं.

मग मी पोरीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.